पिंपळदऱ्याचा टफ

देवपूर, धुळे
८ डिसेंबर १९८७

चि. देवचंद यास,
सप्रेम जयभीम.

तुमच्या पिंपळदऱ्याच्या बोगद्याचे दगड काल आमच्या प्रयोगशाळेत पोचले. डोंगरात ड्रिल घालून नळीसारखे काढलेले ते कोअर, लाकडी पेट्यांत ओळीने मांडलेले. झाकणावरचं ‘खाली आपटू नये’ हे तुझं अक्षर मी लगेच ओळखलं. तुझ्या ‘खाली’ची अजून ‘रवाली’च होते. शिपाई म्हणाला, “मॅडम, रवाली कुठली बाजू?” आणि पेट्या आपटल्याच.

दगड बघून मात्र मी हरखले. खान्देशात जिकडं तिकडं काळा पाषाण पाहून डोळे विटतात. हा तांबूस आहे, आणि त्यात काळे टोकदार तुकडे चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे रुतलेले. आमचे साहेब असे टोकदार तुकडे दिसले की सगळ्यांना सरसकट ब्रेसिया म्हणून मोकळे होतात. मी तसं करू दिलं नाही. नाव नेमकं पाहिजे. वरून हुकूम आहे की आता सगळं मराठीतून लिहायचं, म्हणून प्राथमिक ओळखीची चिठ्ठी मी मराठीतच टंकायला दिली: ‘खडक टफ, ब्रेसिया प्रकारचा. सविस्तर अहवाल चाचण्यांनंतर.’ चाचणीचं यंत्र सध्या दुरुस्तीला गेलंय. ते आलं की बाकीचं पाठवते. माझी मराठीतली ही पहिली चिठ्ठी, आणि ती गेली भावाच्या बोगद्यावर. आईला सांगितलं तर ती शेजारी पेढे वाटायला निघाली.

ती रोज एकच विचारते. तू बोगद्याच्या आत जात नाहीस ना? निमखेड्याच्या विहिरीत दरड कोसळून मामा गेला, तेव्हापासून जमिनीखालच्या कामाचं नाव काढलं तरी ती पदर तोंडाला लावते. तिला दोन ओळी लिही.

तुझी,
सुनंदाअक्का


पिंपळदरा कॅम्प, जि. जळगाव
२७ डिसेंबर १९८७

ती. अक्कास,
सप्रेम जयभीम.

आईला सांग, मी कार्यालयात असतो. टेबल आहे, वर पंखा आहे, नकाशे गुंडाळायचे आणि उलगडायचे एवढंच काम. बोगद्याचं तोंडसुद्धा लांबून दिसतं.

तुझी चिठ्ठी जळगावच्या कार्यालयातून फिरून आमच्याकडं आली. आमचे उपअभियंता गिरधर भंगाळे साहेब फार कमी बोलतात, पण त्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या बहिणीनं एका ओळीत काम केलं. नाहीतर ही भूगर्भवाली मंडळी पानंच्या पानं लिहितात आणि शेवटी कळत काहीच नाही.” माझी छाती फुगली. खडक टफ निघाला म्हणून सगळे खूश आहेत. काम आता भराभर सरकेल. साहेबांना उन्हाळा तापायच्या आत हा पाण्याचा बोगदा आरपार करायचाय. डोंगरापलीकडच्या गावांत फाल्गुनापासून टँकर सुरू होतात, त्यातलंच एक गाव त्यांचं आहे. ते कधी बोलून दाखवत नाहीत, मुकादमाकडून कळलं.

मुकादम म्हणजे निंबा. शिरपूरकडचा, वयानं माझ्या दुप्पट, पण मला भाऊ म्हणतो. त्याची बायको झुंबरबाई बाहेर दगड वाहते आणि माझी भाकरी तीच करते. तेव्हा जेवणाची काळजी नको.

तुझा,
देवचंद


देवपूर, धुळे
१८ जानेवारी १९८८

चि. देवचंद,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. खडक टफ आहे हे तुमच्या साहेबांना एका ओळीत पटलं, हे नवलच. एरवी इंजिनिअर मंडळी ब्रेसियाच्या पुढं ऐकून घेत नाहीत. आत काम भराभर सरकणार हे मीही धरून होते, पण बाकीची काळजी घेताय ना? साहेब शहाणे दिसतात, घेत असतीलच.

चाचणीचं यंत्र अजून आलेलं नाही. तोवर मी पेट्या खोलीच्या कोपऱ्यात रचून ठेवल्यात.

खालचं आईचं आहे. ती बोलली तसं लिहिते: “भाऊ, पोटभर खाजो. थंडी शे, उघडा झोपू नको. तू हापिसमा शे हाई आयकीसन मना जीव भांडामा पडना.”

तुझी,
अक्का


पिंपळदरा कॅम्प
२१ फेब्रुवारी १९८८

ती. अक्का,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

मी कार्यालयात नसतो. पहिल्या दिवसापासून बोगद्यात आहे. पुढच्या तोंडावरचं, म्हणजे आत जिथं खोदणं चालू असतं तिथलं, काम माझ्याकडं आहे. ड्रिल, सुरुंग, फोडलेला दगड बाहेर काढणं, सगळं. खोटं सांगितलं कारण आईनं मला घरी बोलावून घेतलं असतं आणि मी गेलोही असतो. पण अक्का, नोकरीत पहिल्यांदा मला असं वाटतंय की आपण काहीतरी करतोय. सुरुंग उडाल्यावर धूर निवळतो, आणि जिथं आजवर कुणाचा पाय पडला नाही अशा जागी मी पहिला उभा असतो.

धोका नाही. तो खडक तूच पाहिलायस. भंगाळे साहेब रोज हातोडी घेऊन येतात, नव्या तोंडावर ठोकतात, देवळातल्या घंटेसारखा आवाज येतो. मूळ नकाशात छताला आधार म्हणून लोखंडी कमानी होत्या. पण तुझी चिठ्ठी आली, खडक टफ, म्हणून साहेबांनी कमानी वगळल्या. कमानी नाहीत, अस्तर नाही, त्यामुळेच आम्ही एवढे पुढं आलो. मी सगळ्यांना सांगतो, हा आमच्या अक्काचा बोगदा आहे.

धुरानं माणसांचा जीव घुसमटायचा, म्हणून बाहेरच्या तोंडाशी मोठा पंखा बसवून घेतला. बाहेरची कोरडी हवा आता आतपर्यंत येते. आणखी एक गंमत. सकाळी आत गेलं की ट्रॉलीवर, पाइपांवर, पाण्याच्या ड्रमावर तांबडी भुकटी पडलेली असते. निंबाच्या टोपीवर पडली की गुलाल उधळल्यासारखं दिसतं. तो म्हणतो, बोगद्याला होळीची घाई झालीय. परवा भुकटीबरोबर दोन-चार खपल्या पडल्या, मुठीएवढ्या. नव्या तोंडाशी नाही, मागं, डिसेंबरअखेरीस खोदलेल्या भागात. साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, सुरुंगाच्या हादऱ्यानं सैल झालेल्या असतील.

तुझ्या सविस्तर अहवालाचं काय झालं?

तुझा,
देवचंद


देवपूर, धुळे
२५ फेब्रुवारी १९८८

देवचंद,

तुला तार केलीय. ती या पत्राआधी पोचेल: छत धोक्याचं आहे, माणसं बाहेर काढ. तारेत खडकाचं नाव मुद्दाम घातलं नाही. कॅम्पच्या फोनला ट्रंक कॉल लावून बसले होते, लाइन मिळाली नाही.

आता नीट वाच. घाईनं वाचू नकोस.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ‘खडक टफ, म्हणून कमानी वगळल्या’ हे वाक्य मी परत परत वाचलं. आधी वाटलं तू उलटं लिहिलंस. मग जळगावच्या कार्यालयातल्या एका ओळखीच्या बाईंना फोन करून तुमच्या फाइलीतला इंग्रजी उतारा वाचायला लावला. कंत्राटदाराला मराठी चालत नाही, म्हणून तिथल्या टंकलेखकानं माझ्या चिठ्ठीचं इंग्रजी केलंय. मी टफ लिहिलं, त्यानं टफ केलं. पण मी म्हणते तो टफ म्हणजे टी-यू-डबल एफ. ज्वालामुखीची राख दबून, घट्ट होऊन झालेला खडक. त्यानं लिहिलाय टी-ओ-यू-जी-एच. चिवट, मजबूत. मराठीत लिहिलं की दोन्ही एकच, आणि मी शहाणी, मराठीत लिहून खूश. तू मला ‘टफ निघाला’ लिहिलंस तेव्हा मला राख दिसली. मऊ खडक, म्हणून काम भराभर सरकेल, असं मी समजले. कमानी तर तुम्ही लावणारच, असं मी धरून चालले.

हातोडीचा आवाज खरा आहे. साहेब खोटं सांगत नाहीत. हा खडक अंगातली ओल धरून असतो तोवर पाषाणासारखा वाजतो. उघडा पडला, वारा लागला, वाळला, की आतून सुटायला लागतो. हे मला आत्ता कळतंय, आधी माहीत नव्हतं. यंत्र आलं म्हणून चाचणीसाठी परवा तुमच्या पेट्या उघडल्या तर कोअरच्या जागी भुगा होता, त्यात काळे खडे मोकळे पडलेले. मला वाटलं पेट्या आपटल्यामुळं. तुला चार शब्द सुनावायचे म्हणून कागदही काढला होता. एका पेटीवर मात्र गच्चीतल्या टाकीचं पाणी टपकत होतं, तिच्यावर मी प्लास्टिक घातलं होतं. तिच्यातले कोअर अजून सबंध आहेत. त्यातला एक मी काल वाळल्यावर काय होतं ते बघायला गच्चीवर ठेवला. आज त्याला बोट लावलं तर कड हातात आली.

म्हणजे तुमच्या बोगद्यात पुढचं तोंड सगळ्यात पक्कं आहे, कारण ते ताजं आहे. मागचं छत सगळ्यात कच्चं, कारण ते सगळ्यात जास्त दिवस वाळलंय, आणि त्यात आता तुम्ही पंखा लावलाय. बाहेर यायची वाट त्याच छताखालून आहे. तो गुलाल नाही, देवचंद. छत गळतंय.

मी उद्या जळगावला जाऊन कार्यकारी अभियंत्यांना गाठते. तू वरिष्ठांच्या हुकमाची वाट बघू नकोस.

आईला सांगावं लागलं. माझा चेहरा बघून तिनं विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. तिचं एवढंच: “तू मनासंगे खोटं बोलना. ते मी नंतर देखसू. आते बाहेर निंघ.”

अक्का


पिंपळदरा कॅम्प
२७ फेब्रुवारी १९८८

अक्का,

तुझी तार मिळाली. पत्र नाही, नुसती तार. एका ओळीची.

मी काल माणसं बाहेर काढली. सगळी पाळी उन्हात बसली. भंगाळे साहेब जळगावहून आले, त्यांनी तार वाचली आणि मग फाइल मागवली. सगळ्यांसमोर मला इंग्रजी वाचायला लावलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की खडक मजबूत आहे, आणि खाली तुझ्या प्रयोगशाळेचा क्रमांक आहे. साहेब म्हणाले, “बहिणीनं डिसेंबरात मजबूत म्हटलं, फेब्रुवारीत धोक्याचा म्हणते. मधल्या काळात डोंगर बदलला की तुम्ही आत जाता हे घरी कळलं?”

मी फाइल मिटून परत दिली. कारण मलाही तेच वाटलं. मी तुला खरं लिहिलं, तू आईला सांगितलंस, आणि आईनं रडून तुझ्याकडून तार करवली. असं असेल तर तू माझं फार वाईट केलंस. माणसं दुपारी परत आत गेली. निंबानं जाताना माझ्याकडं पाहिलंही नाही.

आणि असं नसेल, तुला खरंच काही सापडलं असेल, तर चिठ्ठीत टफ का लिहिलंस? तुझी चूक झाली असेल तर तसं सांग. चुकीला मी हसणार नाही. पण माझ्या हातात काहीतरी दे. नुसत्या तारेवर मी काय करू?

आज मागच्या भागात ट्रॉलीच्या रुळावर परातीएवढी खपली पडलेली होती. कुणाला लागलं नाही. मी ती स्वतः उचलून बाहेर टाकली. साहेबांना सांगितलं नाही. आधीच पुष्कळ हसं झालंय.

देवचंद


जळगाव, सरकारी दवाखाना
४ मार्च १९८८

ती. अक्का,

परवा तू आणि आई इथं येऊन गेलात. कार्यकारी अभियंता दौऱ्यावर होते, शुक्रवारी तुला भेटलेच नाहीत, हे तेव्हा कळलं. आई माझा हात सोडत नव्हती, तिच्यासमोर बोलता आलं नाही. कसं झालं ते तू विचारलं नाहीस, पण तुला कळायला हवं. लिहून टाकतो म्हणजे माझ्याही डोक्यातून जाईल.

मंगळवारी सकाळी पाळी आत जायच्या वेळेला पोस्टमन आला आणि तुझं मोठं पत्र मिळालं. मी बोगद्याच्या तोंडाशी उभ्यानंच वाचलं. तार आल्यावर मी तुला काय लिहून बसलो होतो ते आठवून कानशिलं तापली. मग मी निंबाला बोलावलं, सगळी माणसं गोळा केली, आणि पत्र मोठ्यानं वाचलं. आईचं वाक्यसुद्धा. निंबानं डोक्यावरची टोपी काढून झटकली, तांबडी भुकटी खाली पडली. तो म्हणाला, “आम्ही आज मझार जावाऊ नही, भाऊ. साहेबले सांग. बठ्ठास्ना जीव सारखाच शे.” सगळ्यांचा जीव सारखा, म्हणून एकही माणूस आत जायला उठला नाही.

साहेब आले. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सगळं वाचलं, घडी घालून मला परत दिलं. चिडले नाहीत. म्हणाले, “शब्दाची चूक झाली असेल. पण दगड काही इंग्रजी वाचत नाही. मी रोज ठोकून बघतो.” आणि हातोडी घेऊन आत निघाले. एकट्यानं जाऊ देता येईना, म्हणून मीही मागून गेलो. निंबा आला. बाकीचे तोंडाशी थांबले.

ते तरातरा शेवटपर्यंत गेले आणि नव्या तोंडावर ठोकलं. खणखणीत आवाज आला. माझ्याकडं वळून पाहिलं. मी म्हणालो, “साहेब, अक्का मागच्या भागाचं म्हणते.” मग ते छतावर ठोकत ठोकत परत येऊ लागले. अक्का, तो आवाज मी विसरणार नाही. पुढं घंटा होती. थोडं मागं आलो तर घंटेवर कापड टाकल्यासारखा. आणखी मागं आलो, आणि हातोडी नुसती थप वाजली, ओल्या भिंतीवर हात मारल्यासारखी. साहेबांनी परत ठोकलं. थप. हातोडी खाली घेतली तर तिच्या तोंडाला तांबडा भुगा चिकटलेला. आम्ही रोज त्याच छताखालून जात होतो, पण तिथं कुणी ठोकून बघितलं नव्हतं. नवं तोंडच सगळे बघतात.

साहेब हळूच मला म्हणाले, “बैसाणे, आवाज करू नका. चला.” ओरडले नाहीत. आम्ही चालायला लागलो. निंबा पुढं, मग मी, साहेब मागं. वरून आधी बारीक खडे पडले, पत्र्यावर पाऊस लागतो तसे. मग साहेबांनी मला पाठीत इतक्या जोरात ढकललं की मी रुळांवर पडलो, आणि मागं छत आलं.

दिवे गेले. काही दिसत नव्हतं, नुसती धूळ, आणि त्यात साहेबांचा आवाज. किंचाळत नव्हते. “पाय, पाय,” एवढंच म्हणत होते. मला खरं सांगू दे. मी उठलो आणि बाहेरच्या उजेडाकडं धावलो. पाच-सहा पावलं धावलोही असेन. निंबानं माझा दंड धरला. तो उलटा वळला, आणि मग मीही वळलो. वरून अजून पडत होतं. एक शिळा साहेबांच्या पायावर होती. निंबानं तिच्याखाली पहार घातली, मी साहेबांना काखेत धरून ओढलं. निंबाच्या खांद्यावर एक दगड बसला, त्यानं पहार सोडली नाही. आम्ही तोंडाशी आलो तेव्हा मागं उरलेलं सगळं छत एकदम खाली बसलं. आतून वाऱ्याचा लोट आला आणि आम्हाला तांबडं करून गेला. झुंबरबाईनं आधी निंबाला ओळखलंच नाही.

पाळी आत असती तर सगळी त्या ढिगाऱ्यापलीकडं राहिली असती. पक्क्या खडकाखाली, जिवंत, आणि बाहेर यायला वाट नाही. मी डोळे मिटले की मला तेच दिसतं.

साहेबांचा डावा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. निंबाचा खांदा बांधलाय. मला खरचटण्यापलीकडं काही नाही.

तुझ्या तारेवर मी शंका घेतली. त्याबद्दल पत्रात लिहिता येत नाही.

देवचंद


जळगाव
१९ एप्रिल १९८८

श्रीमती सुनंदाबाई बैसाणे यांस,
स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट नाही. आपण दवाखान्यात आला होतात तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. अजून बसून लिहिता येत नाही. अक्षराला क्षमा असावी.

चौकशी चालू आहे. मला दोनदा विचारून गेले. त्यांना एक नाव हवं आहे. टंकलेखकाचं चालेल, तो तात्पुरता नेमलेला मुलगा आहे. आपलं त्याहून चालेल, कारण आपण शब्द संदिग्ध वापरला असं म्हणता येतं. मी जबाबात लिहिलं आहे की नकाशातल्या कमानी माझ्या सहीनं वगळल्या गेल्या, सविस्तर अहवाल यायचा बाकी असताना. आपली तार माझ्या हातात होती. इतकी वर्षं दगडावर काम केलं, तेव्हा हातोडीवर माझा विश्वास होता. ती ज्या क्षणी मारली त्या क्षणापुरतं खरं सांगते, पुढच्या महिन्याचं सांगत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ते कळायला मला पाय द्यावा लागला.

आपल्या भावाबद्दल एक लिहितो. तो आधी उजेडाकडं पळाला होता हे त्यानंच मला सांगितलं. मी त्याला म्हणालो, मीही पळालो असतो. तो परत आला एवढंच मला माहीत आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. इथं पडल्यापडल्या एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मराठीत लिहायचा हुकूम आल्यापासून आपण टफ हा शब्द फक्त आमच्याच चिठ्ठीत लिहिलात का? आणखी कुठं लिहिला असेल, तर तिथं तो कुणी, कसा वाचला, हे आपण पाहिलंत का?

उत्तर मला नको. आपण बघावं.

आपला,
गि. ना. भंगाळे


मु. शिंदखेडा
२४ एप्रिल १९८८

चि. देवचंद,

हे पत्र शिंदखेड्याच्या विश्रामगृहातून लिहितेय. आईला मी कुठं आहे ते सांगून आलेय, खरं सांगून.

भंगाळे साहेबांचं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. पहिलं पान वाचून मला बरं वाटलं, साहेबांनी माझा बचाव केला म्हणून. शेवटच्या ओळी वाचल्या आणि घास तसाच राहिला. तशीच कार्यालयात गेले, शनिवारची सुटी होती, पहारेकऱ्याला उठवून दार उघडायला लावलं. चिठ्ठ्यांच्या प्रती काढल्या. दोन निघाल्या. एक जागा अजून कागदावरच आहे, तिथं कुदळ लागलेली नाही. दुसरी इथली. नाल्यावरचं लहान धरण, त्याच्या भिंतीसाठी खडकात खोल चर खणलाय. माझी चिठ्ठी जानेवारीतली. तीच ओळ, तोच शब्द.

आमच्या साहेबांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. पहिल्या एस.टी.नं आले. स्टँडवरून धरणापर्यंत एका ट्रॅक्टरवाल्यानं सोडलं. ऊन असं की जमिनीकडं बघवत नव्हतं. कडेला कुणी नव्हतं, म्हणून वाटलं काम बंद आहे. मग खालून पहारींचा आवाज आला. वाकून पाहिलं. चर विहिरीसारखा उभा खणलेला, दोन्ही बाजूंनी तांबडा खडक, आणि तळाशी बाया-माणसं दगड उपसत होती. उन्हापासून सावली मिळावी म्हणून सगळ्या जणी भिंतीला अगदी चिकटून. त्यांच्या पदरांवर तांबडी भुकटी होती.

कोण, कुठली, काय, हे सांगायला किती वेळ लागेल याचा हिशेब मी करत राहिले. मग ते सगळं सोडून दिलं आणि ओरडले, “वर या. सगळ्या वर या. आधी वर या, मग सांगते.”

पहारी थांबल्या. सगळ्यांनी वर पाहिलं. एक म्हातारी, सुंदरबाई तिचं नाव, हे नंतर कळलं, तिनं कपाळावर हात धरून विचारलं, “तू कोन शे, बाई?”

प्रयोगशाळा म्हणाले असते तर तिला काय कळलं असतं? मी म्हणाले, “या खडकाले मी नाव देल शे. ते चुकनं. वर या.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं हसेल. तिनं टोपली खाली ठेवली, बाजूच्या पोरीला पुढं घातलं आणि शिडीकडं वळली. तिच्यामागं बाकीच्या. शिडी एकच होती, म्हणून वेळ लागला. मी कडेवर गुडघे टेकून बसले आणि येईल तिचा हात धरून वर घेत राहिले. शेवटचा माणूस वर आल्यावरच इथला इंजिनिअर धावत आला. तुझ्याएवढाच आहे. रागानं लाल झाला होता. म्हणाला, “मॅडम, तुमच्याच रिपोर्टात टफ लिहिलंय.”

मी त्याला सावलीत बसवलं, त्याच्या वहीचं कोरं पान मागितलं आणि त्यावर दोन्ही स्पेलिंगं लिहिली. मग म्हणाले, यातलं कुठलंच आता नको. खाली मराठीत लिहिलं: ‘राखखडक. उघडा पडला की वाळून सुटतो. खणल्या दिवशी झाकावा. झाकेपर्यंत त्याच्याखाली माणूस थांबू देऊ नये.’ तो म्हणाला, “हे नाव पुस्तकात नाही.” मी म्हणाले, नसू दे. खडक कसा जन्मला हे पुस्तकात असतं. तुला हवंय ते तो पुढं काय करणार हे.

त्यानं ते वाचलं आणि खाली बघितलं. चर रिकामा होता. भिंत जशीच्या तशी उभी होती, काही पडलं नव्हतं, आणि मला माहीत होतं की तो मनात तेच म्हणतोय: काही तर पडलं नाही. सुंदरबाई आणि बाकीच्या बाभळीखाली बसून माझ्याकडं बघत होत्या. त्यांचा रोज बुडाला होता, कशासाठी ते अजून कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी उठले आणि सांगायला त्यांच्याकडं गेले.

तुझी,
अक्का